टोपाखाली काटा : मालवणी स्वयंपाकघरातल्या कॅलरीच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, मालवण

वजन ७४.२ किलो, उंची १५८ सेंटीमीटर, वय ४१. कंबर ९४, शिवणकाम करते, त्यामुळे टेप कायम गळ्यातच असते. एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीनेक महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) ६.० आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरा, असं डॉक्टर म्हणाले. औषध आत्ता नको, आधी वजन उतरवा, तीन महिन्यांनी परत तपासू.

कॅलरी मोजायचं ॲप मोबाईलवर घेतलं, पैसे नाही भरले. त्याने दिलेलं लक्ष्य डोळे मिटून घेण्याऐवजी मिफ्लिन-सेंट जॉर सूत्र वहीत मांडलं. वजनाची दहापट, अधिक उंचीची सव्वासहापट, उणे वयाची पाचपट, बाई असेल तर आणखी १६१ उणे. माझं उत्तर १,३६३. दिवसभर अंथरुणात पडून राहिलं तरी शरीर एवढं खर्च करतंच. त्याला कामाप्रमाणे गुणायचं : बैठ्या कामाला १.२, थोड्या हालचालीला १.३७५. मी १.३७५ धरलं, म्हणजे १,८७० च्या आसपास. रोज १,५०० खायचं ठरवलं. एक किलो चरबीला साधारण ७,७०० कॅलरी, तेव्हा रोज ३७० ची तूट पडली तर तीन आठवड्यांत किलोभर जायला हवं. (कॅलरी म्हणजे इथे सगळीकडे किलोकॅलरी, पाकिटावर असते तीच.)

किचनचा डिजिटल काटा, पाच किलोपर्यंतचा, ४५० रुपये.

घरात आम्ही पाच : सासूबाई, हे, मी, दोन मुलं. सकाळचा स्वयंपाक आईंचा, रात्रीचा माझा. हे मुद्दाम लिहिलंय. कॅलरी मोजायच्या सल्ल्यांत एकटा माणूस स्वतःपुरतं शिजवतो असंच धरलेलं असतं. आमच्याकडे एक टोप, पाच ताटं, आणि वाटप (खोबरं-मसाला वाटून घालतो ते) कोणी किती घातलं ते घालणारीलाही सांगता येत नाही.

९ फेब्रुवारी

ॲपात घावणे नाहीत, कुळथाची पिठी नाही. काळ्या वाटाण्याचं सांबारं शोधलं तर इडलीबरोबरचं सांबार समोर आलं. ‘फिश करी’च्या नोंदी ढीगभर. एकीत वाटीला ९० कॅलरी, दुसरीत ३१०. कोणी कुठली वाटी धरली आणि खोबरं किती घातलं, कळायला मार्ग नाही. या नोंदी बऱ्याचशा वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात.

बांगडा शोधला तर अटलांटिक मॅकरेल आला, १०० ग्रॅमला २०५. तो थंड समुद्रातला, भरपूर चरबीचा वेगळाच मासा. आपल्या बांगड्यात प्रथिनं साधारण २० टक्के, चरबी हंगामाप्रमाणे कमीजास्त. मी १०० ग्रॅमला ११५ धरून चाललेय.

भाताने मात्र आठवडाच खाल्ला. ताटातला भात मोजला २०० ग्रॅम आणि ॲपात ‘तांदूळ’ निवडला. आकडा आला ७००. घाबरून भात निम्म्यावर आणला. रात्री अकराला शिवणाच्या मशीनवरून उठून चिवड्याचा डबा उघडला तो बंद करवेना. पुढचे दोन-तीन दिवस तेच. मग लक्षात आलं की तो आकडा कच्च्या तांदळाचा होता. शिजलेल्या भाताला १०० ग्रॅमला १३० च्या आसपास पडतात, पाणी जे भरतं त्यात.

आमचा तांदूळ उकडा, पाणी जास्त पितो. म्हणून घरीच ताळा केला. ४०० ग्रॅम तांदूळ, पेज काढून झाल्यावर भात १,१५० ग्रॅम. कच्च्याचे १,४०० धरले तर १०० ग्रॅम भाताला १२२. पेजेत थोडे गेले असणार, तिकडे काणाडोळा. आता भात २०० ग्रॅम घेते आणि २४४ लिहिते. चिवड्याचा डबा माळ्यावर.

१८ फेब्रुवारी

गिऱ्हाईक म्हणून येणाऱ्या एका शिक्षिकेने हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते मोबाईलवर पाठवले. ५२८ खाद्यपदार्थ आहेत, आपलेच : नाचणी, कुळीथ, समुद्रातले मासे. ॲपापेक्षा कितीतरी बरे.

उघडताना एक लक्षात ठेवा, त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे. तांदूळ १,४९१ वाचून मी खुर्चीतच बसले. ४.१८४ ने भागायचं, ३५६ येतात.

खोबऱ्याचा घोळ याहून मोठा. अमेरिकी तक्त्यात ओल्या खोबऱ्याला १०० ग्रॅमला ३५४, संस्थेच्या जुन्या भारतीय पुस्तकात ४४४. नारळ जून की कोवळा यावर तेल ठरतं, त्यामुळे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतील. मी सरळ ४०० धरले. गुणाकार सोपा होतो.

२६ फेब्रुवारी

वजन ७४.०. म्हणजे हललेलंच नाही.

चहा पहिल्यांदा नीट मोजला. कपात दोन चमचे साखर नऊ ग्रॅम, दूध पन्नास मिली : ६५ ते ७०. गिऱ्हाईक आलं की चहा, हे आमच्याकडे मापं घेण्याइतकंच ठरलेलं. लग्नसराईत पाच कप सहज होतात. साडेतीनशे कॅलरी, आणि त्या ॲपात लिहिलेल्याच नव्हत्या, कारण चहा म्हणजे ‘खाणं’ नव्हे. आता गिऱ्हाइकाला कप, मला अर्धा, तोही बिनसाखरेचा. तीन दिवस डोकं धरलं, मग सवय झाली.

आंगणेवाडीच्या जत्रेतला खाजा अजून डब्यात आहे. एक कांडी उचलून काट्यावर ठेवली, २२ ग्रॅम. बेसन, तेल, गूळ. शंभराच्या आसपास धरली. डबा आईंच्या खोलीत हलवला.

१२ मार्च

दोन गोष्टी बिघडल्या.

पहिला काटा. कालपासून रिकामा ठेवला तरी आकडा नाचतोय, कधी ४, कधी ११. सेल बदलले तरी तेच. मागचं झाकण काढलं तर सेलच्या पट्ट्यांवर हिरवी बुरशी चढलेली. किनाऱ्यावर राहतो, खारी हवा इस्त्रीलाही सोडत नाही, याला कशी सोडेल. पट्ट्या खोडरबरने घासल्या, कोरड्या फडक्याने पुसल्या. वाण्याकडचं शिक्का मारलेलं अर्ध्या किलोचं वजन त्याच्याच दुकानात माझ्या काट्यावर ठेवून बघितलं : ५०१. चालेल. आता काम झालं की काटा झाकणाच्या डब्यात, सोबत फडक्याच्या पुरचुंडीत मूठभर तांदूळ.

दुसरी मी. वजन उतरेना म्हणून १,५०० चे १,२०० केले. दुपारी सुईत दोरा ओवताना हात थरथरायचा, संध्याकाळी मुलांवर खेकसायचे, आणि रविवारी दुपारी आठवडाभराची कसर निघायची. त्या रविवारचा हिशेब जुळवला तर २,६०० च्या वर. सहा दिवस ३०० वाचवायचे आणि एका दिवसात ११०० उधळायचे, वर तो रविवार वहीत कोराच राहायचा. परत १,५०० वर आणलं. आकडा खाली ओढण्याआधी लिहितोय ते खरं आहे का, हे बघायला हवं होतं.

३१ मार्च

आजची नोंद लांबणार, कारण घोळ सापडला.

वजन ७३.८. जवळजवळ दोन महिने झाले. वहीप्रमाणे अडीच किलोच्या वर जायला हवं होतं. थायरॉइडचीही तपासणी झाली, ठीक आहे. म्हणजे नाहीतर वही खोटी, नाहीतर सूत्र खोटं.

वाणसामानाची वही काढली. पाच लिटरचा तेलाचा डबा १ मार्चला फोडला, आज संपला. देवाच्या दिव्याचं तेल वेगळं असतं, ते यात नाही. लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम. पाच लिटरचे ४,५५० ग्रॅम, भागिले पाच माणसं, भागिले ३१ दिवस : माणशी रोज २९ ग्रॅम. तेलाचं ग्रॅम म्हणजे नऊ कॅलरी. २६० झाले. माझ्या वहीत रोजचं तेल किती? ‘दोन छोटे चमचे’, म्हणजे ऐंशी.

तळणीचं उरलेलं काळं तेल थोडं टाकलं, मुलगा माझ्यापेक्षा जास्त तळलेलं खातो, हे सगळं धरून वीस-तीस इकडेतिकडे. तरी दीडशेचं भगदाड आहे.

मग नारळ. आमचे चार माड, नारळ विकत घेत नाही, म्हणून तो कोणाच्या हिशेबातच नाही. मार्चभर सोललेल्या नारळांच्या करवंट्या मागच्या पडवीत चुलीसाठी साठवलेल्या असतात. मोजल्या. दिवसाला एक नारळ पडला. आज एक फोडून खवला, चव (खवलेलं खोबरं) भरला २२० ग्रॅम. चारशेच्या दराने ८८०, पाच माणसांत माणशी १७५. वहीत मी खोबऱ्याचे साठ लिहीत होते, ‘वरून भुरभुरलेलं’ म्हणून. वाटपातलं धरलंच नव्हतं. वाटप म्हणजे मसाला असं डोक्यात बसलेलं. त्यात धणे, मिरची, तिरफळं असतात हे खरं, पण वजनाने बघाल तर बहुतेक सगळं खोबरंच.

दोन्ही मिळून तीनशेच्या आसपास. माझी ठरवलेली तूट ३७०. उरले सत्तर. सत्तराने दोन महिन्यांत अर्धा किलो उतरतं, आणि माझं तेवढंच उतरलंय. सूत्र बरोबर होतं.

तुम्ही करणार असाल तर ताट मोजायच्या आधी हा महिन्याचा ताळा करा. तेल, साखर, नारळ, शेंगदाणे, तूप : महिन्याला आलं किती, उरलं किती, खाणारे किती. पाहुणे नसलेला महिना निवडा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ॲपवर दोन महिने घालवूनही मला जे कळलं नाही ते यात कळलं.

९ एप्रिल

आता टोप मोजतेय, ताट नंतर.

बांगड्याची कढी. सगळं कच्चं मोजून घेतलं : चव १८० ग्रॅम, कांदा ८०, फोडणीला तेल १५. मिरची, धणे, हळद, आमसुलं, तिरफळं सोडून दिली, त्यांच्याने काही बिघडत नाही. ७२० अधिक ३५ अधिक १३५, झाले ८९०.

टोपाचं रिकामं वजन आधी घ्यावं लागतं, नाहीतर सगळं मुसळ केरात. आमचा टोप ६४० ग्रॅम. आपल्याकडे मासे शेवटी सोडतात ते इथे कामाला आलं. रस उकळला की मासे सोडायच्या आधी टोप काट्यावर. इथे दोन अडचणी. टोपाचा बूड रुंद, काट्याचा आकडाच झाकला जातो. आणि गरम टोप थेट काचेवर ठेवला की आकडा सरकत राहतो. इस्त्रीखाली ठेवायचा लाकडी ठोकळा काट्यावर ठेवला, आकडा शून्यावर आणला, मग वर टोप. दोन्ही सुटलं.

आई ओट्याशी उभ्या. “सोनाराचो काटो हाडलंस काय गो?”

म्हटलं, खोबरं सोन्याहून भारी पडलंय.

“मोजून जेवलेला अंगाक लागणा नाय.”

“आई, तेच तर हवंय.”

त्यावर त्या हसल्या, पण पुढच्याच वाक्यात “टोप उचल, कढी निवता” हेही आलं.

रस १,२५० ग्रॅम भरला. १०० ग्रॅमला ७१. आमचा डाव १२० ग्रॅमचा. भातावर दोन डाव घेते, १७०. मासा तुकड्याने वेगळा लिहायचा, काटे काढून उरतं तेवढाच. बांगडा डोकं-शेपटी-काटे वजा जाता निम्म्याहून थोडा जास्त उरतो.

आधी याच कढीचे वहीत ९० होते.

खोबरं कमी करायला आईंना सांगितलेलं नाही. एक तर त्या ऐकणार नाहीत, दुसरं म्हणजे मुलांनी काय पाप केलंय. मी दोनाऐवजी दीड डाव घेते आणि बांगड्याचा एक तुकडा वाढवते. पोट त्याने जास्त भरतं.

वाटीच्या मापाचं एक सांगते. आमच्या नेहमीच्या वाटीत चव अलगद भरला तर ४५ ग्रॅम, बोटाने दाबून भरला तर ७०. फरक शंभर कॅलरींचा. ‘वाटीभर खोबरं’ म्हणणारी कुठलीही पाककृती मोजायला निरुपयोगी आहे.

२० एप्रिल

तळण. तव्याचं रिकामं वजन लिहून ठेवलेलं. ४५ ग्रॅम तेल घातलं, रव्यात घोळवलेले चार बांगडे तळले, तव्यात उरलं १७. म्हणजे २८ ग्रॅम माशांबरोबर गेलं, बांगड्याला ६३ कॅलरी. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी.

मग आज मांदेली. तीनशे ग्रॅम मांदेलीने ५२ ग्रॅम तेल ओढलं, ४७० कॅलरी. मासा बारीक, प्रत्येकाला चहूबाजूंनी पीठ, तेवढं तेल धरायला जागा. मांदेली कुरकुरीत लागते ती त्यामुळेच, त्याला इलाज नाही. मांदेलीचं आता तिखलं करते, तळते ती फक्त मुलांपुरती. बांगडा तव्यावर आनंदाने.

वजन ७२.९. पहिल्यांदा उतरलंय.

११ मे

एचबीएवनसी ५.८. डॉक्टर खूश. वजन ७१.९.

चाकरमानी आलेत, घरात अकरा माणसं. टोपाचा हिशेब कोलमडला. मोठा टोप भरला की पाच किलोच्या वर जातो आणि काटा नुसता ‘ई’ दाखवतो. रस दोन पातेल्यांत ओतून मोजायचा उद्योग एकदाच केला. नणंदेने बघितलं आणि मोबाईलवर फोटो काढला. त्यानंतर नाही केला. पाहुण्यांच्या दिवसांत घरचे जुने आकडे वापरायचे : कढी १०० ग्रॅमला ७१, उसळ ९५, आणि पुढे.

कोंबडी-वडे झाले. वड्याचे तीस ग्रॅम पीठ आणि आठ ग्रॅम तेल धरलं तर एक वडा पावणेदोनशेच्या आसपास. चार वडे म्हणजे माझं जवळजवळ अर्ध्या दिवसाचं खाणं, कोंबडी वेगळी. दोन खाल्ले, मोजून, आणि चौघांना ते कळलंही नाही.

आंब्याला उगीच बदनाम करतात. मध्यम हापूस, साल-बाठा काढून दीडशे ग्रॅम गर, शंभरच्या आत कॅलरी. एक आंबा जेवणानंतर खाऊन माझी गाडी कुठेच अडली नाही. अडते ती आमरसात : तीन आंबे एका वाटीत मावतात, वर साखर, वर तूप, आणि ती वाटी पुन्हा भरली जाते. फणसाचे गरे १०० ग्रॅमला ९५, पण गऱ्यांना शंभर ग्रॅमवर कोण थांबतं? भाजलेले काजू सगळ्यांत वाईट. मूठभर, ३० ग्रॅम, १६५. गिऱ्हाइकं प्रेमाने आणून देतात. पिशवी न उघडता नणंदेबरोबर मुंबईला पाठवली.

८ जून

पाऊस यंदा मे महिन्यातच आला, आंबा अर्धा झाडावरच राहिला. १ जूनपासून मासेमारी बंद, ३१ जुलैपर्यंत. म्हणजे आता सुकं : सोडे, जवळा, सुके बोंबील.

ॲपात ‘बोंबील’ ओला आहे की सुका ते बघा. ओल्या बोंबलात बहुतेक पाणीच असतं. सुकवल्यावर तोच १०० ग्रॅमला तीनशेच्या जवळ जातो, पण त्यात साठ टक्के प्रथिनं. तेव्हा नाव ठेवायला जागा नाही, फक्त वजन सुक्याचं धरायचं आणि नोंदही सुक्याची. चार-पाच बोंबील म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम, शंभराच्या आत.

वजन ७१.४ वरून सहा दिवसांत ७२.६. काही जास्त खाल्लेलं नाही, वही बरोबर आहे, तेलाचा डबाही बरोबर आहे. चरबीचा सव्वा किलो वाढायला नऊ हजारांच्या वर कॅलरी जादा खाव्या लागतात, ते झालेलं नाही. रोज सुकट, वर लोणचं, वर खारातली मिरची, आणि पाळी चार दिवसांवर. मीठ पाणी धरून ठेवतं, पाळीआधीही अंगात पाणी साठतं. अंगठी निघत नव्हती त्यावरून कळलं. सुकी मासळी आता दोनदा पाणी बदलून भिजवते. कंबर मोजली, ९० भरली. टेपने धीर दिला, काट्याने नव्हे.

या भानगडीनंतर रोजचं वजन लिहिते, पण बघते सात दिवसांची सरासरी. पाळीच्या आधीच्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी. बायकांनी हे पहिल्या महिन्यापासून करावं. मला कोणी सांगितलं नव्हतं.

६ जुलै

वजन ७०.३. सूत्र परत मांडलं. चार किलो कमी झाले की खर्चही कमी होतो : १,३२४ गुणिले १.३७५, म्हणजे १,८२०. पन्नासाचाच फरक, १,५०० तसेच ठेवले.

ॲपातला ‘व्यायाम’ बंद केला. पाऊस उघडला की दांडीच्या किनाऱ्यावर चालते. ॲप म्हणतं २८० खर्च झाले आणि तेवढे खायला परत देतं. घरकामाचे पैसे १.३७५ मध्ये आधीच धरलेत, आणि चालण्याचा त्याचा अंदाज मला सढळ वाटतो. चालायचं, लिहायचं नाही.

१७ ऑगस्ट

मासेमारी १ ऑगस्टला सुटली पण आमच्याकडे २५ जुलैपासून श्रावण. महिनाभर शाकाहार. मला वाटलं, आता सोपं.

उलट झालं. जुलैच्या सरासरीपेक्षा रोज दीडशे वर. माशाची कढी असते तेव्हा ताटात एक तुकडा मासा असतो, शंभराच्या आत, आणि तो पोटाला धरून ठेवतो. श्रावणात त्याच्या जागी काय येतं? काळ्या वाटाण्याचं सांबारं, त्यात भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप. अळूचं फदफदं, वर खोबरं. नागपंचमीच्या पातोळ्या, आत खोबरं-गूळ. उपासाला साबुदाणा, दाण्याचं कूट, तूप. करवंट्या मोजल्या, दिवसाला दीड नारळ. मासे खाऊन वजन वाढतं म्हणणाऱ्यांना पडवीतल्या करवंट्या दाखवाव्यात.

सावरलं ते कुळथाने. पिठीला माणशी पंचवीस ग्रॅम पीठ लागतं, ऐंशी-पंच्याऐंशी कॅलरी, लसणाची फोडणी एक चमचा तेलात. खोबरं मुळातच नाही. रात्रीचा स्वयंपाक माझ्या हातात, म्हणून आठवड्यातून तीन रात्री पिठी-भात. मुलगी कंटाळली आहे, तिला वर तूप.

सोलकढी नीट मोजता आलेली नाही. दूध पिळून चोथा टाकतो, चोथ्यात किती राहिलं ते घरात कळत नाही, ओला चोथा तोलून उपयोग नाही. खोबऱ्याच्या दोन-तृतीयांश कॅलरी दुधात उतरल्या असं धरून चाललेय. हा माझा अंदाज आहे, आकडा म्हणून उचलू नका.

वजन ६९.३.

४ सप्टेंबर

गणपती २७ ऑगस्टला आले, गौरींबरोबर परवा गेले.

मोदक आधीच मोजून ठेवला होता : उकडीला पंधरा ग्रॅम पीठ, सारणात चव १८, गूळ १२. सगळे मिळून १७०, वर चमचाभर तूप ४०. रोजचे दोन धरले. पहिल्या दिवशी चार झाले, दुसऱ्या दिवसापासून दोन. आरतीनंतरच्या प्रसादाच्या वाट्या लिहिल्या नाहीत, घरोघर जाताना वही कोण बाळगतं. या दिवसांत फक्त दोन गोष्टी ठेवल्या : चहा बिनसाखरेचा, आणि सकाळचं वजन न चुकता लिहायचं.

वजन ७०.१, म्हणजे आठशे ग्रॅम वर. बरंचसं पाणी असणार.

१४ सप्टेंबर

६९.०. बऱ्यापैकी पाणीच होतं.

५ ऑक्टोबर

६८.१. कंबर ८६. माझेच ब्लाऊज दोन्ही बाजूंनी आत घेतले, शिलाईचे पैसे वाचले.

आता ताटातली प्रत्येक गोष्ट लिहीत नाही. चार आकडे सांभाळते : भाताचं वजन, रसाचे डाव, महिन्याचं तेल, महिन्याच्या करवंट्या. सप्टेंबरचं तेल साडेतीन लिटर, पाहुणे धरून. मार्चमध्ये पाच होतं. ॲप अजून मोबाईलवर आहे, नवीन पदार्थ केला तरच उघडते. टोपांची आणि पातेल्यांची रिकामी वजनं फ्रिजच्या दारावर चिकटवली आहेत. आईंनी काल स्वतःहून तव्याचं वजन विचारलं. कशाला ते सांगितलं नाही.

एकूण खर्च : काटा ४५०, सेल दोनदा ८०, रक्ताच्या तपासण्या वेगळ्या. वेळेचं म्हणाल तर पहिले दोन महिने फुकट गेले. ३१ मार्चचा ताळा फेब्रुवारीतच केला असता तर ते वाचले असते.

दिवाळीचं फराळ अजून व्हायचं आहे. चकलीचं तेल मांदेलीसारखंच तोलायचं, घाणा घालायच्या आधी आणि नंतर. मोठी कढई तेलासकट काट्याला झेपणार नाही. तेव्हा तेल बाटलीतून मोजून ओतायचं, पूर्ण गार झालं की परत त्याच बाटलीत गाळून घ्यायचं आणि बाटली तोलायची. आकडे आले की इथेच टाकते.